रस्त्यावरचं काहीतरी गाडीला लागलं: विसरायचं, वाकून बघायचं की लिफ्टवर चढवायची?

भरधाव गाडीखाली अचानक 'धाड्' असा आवाज होतो. आरशात बघावं तर मागे काहीतरी काळं गडगडत कडेला गेलेलं असतं. गाडी तशीच चाललेली असते. स्टिअरिंग सरळ, इंजिनाचा आवाज नेहमीचा, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. अशा वेळी बहुतेक जण आवाजावरून ठरवतात: मोठा झाला तर घाबरायचं, बारीक झाला तर विसरायचं. हा निकष फसवा आहे. चाकावरच्या पोकळीत पातळ प्लॅस्टिकचं अस्तर असतं. त्यावर बोराएवढा खडा आपटला तरी आत बसलेल्याला कुणी हातोडा मारल्यासारखं वाटतं. याउलट लोखंडी पट्टीचं टोक इंजिनाच्या तेलाच्या चेंबरला लागलं, तर मधल्या कव्हरमुळे नुसता 'धप्प' असा दबका आवाज येतो. पहिल्या प्रकारात काहीच बिघडत नाही. दुसऱ्यात काही मिनिटांत इंजिन जाऊ शकतं.

आवाजापेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या: काय लागलं, कुठे लागलं आणि लागल्यानंतर गाडीत काय बदललं. या तिघांची उत्तरं मिळाली की गाडी तपासायची की नाही, हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं. तिन्हींपैकी एकाचंही खात्रीचं उत्तर नसेल आणि वेग जास्त असेल, तर एकदा गाडी गॅरेजमधल्या लिफ्टवर चढवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याची कारणं पुढे येतीलच.

मार किती बसतो

ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. रस्त्यावर पडलेल्या एक किलोच्या वस्तूवर गाडी ताशी ५० ने गेली, तर धडकेतली ऊर्जा साधारण ९६ ज्यूल असते. तीच गाडी १०० ने गेली तर ३८६ ज्यूल. वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो. दुसऱ्या शब्दांत, ५० च्या वेगाला ती वस्तू तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून गाडीवर पडल्यासारखी असते आणि १०० च्या वेगाला तेराव्या मजल्यावरून. म्हणूनच गल्लीत विटेच्या तुकड्यावरून गेलेली गाडी आणि महामार्गावर त्याच तुकड्यावरून गेलेली गाडी यांना एकच नियम लावता येत नाही.

वजनाइतकाच आकारही महत्त्वाचा. गोल दगड बहुधा उडून बाजूला जातो. खरा धोका लांब, चपट्या, कडक वस्तूंचा: लोखंडी पट्ट्या, सळया, फळ्या, ट्रकच्या स्प्रिंगचे तुटलेले पाटे. पुढचं चाक अशा वस्तूच्या एका टोकावर चढलं की दुसरं टोक उसळून वर येतं आणि थेट गाडीच्या पोटात घुसतं. कधी एक टोक रस्त्यात रुततं, दुसरं गाडीच्या तळाला अडकतं आणि गाडीचं सगळं वजन पुढे ढकललं जात असताना ती वस्तू पहारीसारखी वर दाबली जाते. १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात टेस्लाच्या मॉडेल एस गाडीच्या बाबतीत हेच घडलं. महामार्गावर पडलेल्या वाकड्या धातूच्या तुकड्याने बॅटरीखालची पाव इंच जाडीची संरक्षक प्लेट भेदून सुमारे तीन इंच व्यासाचं भोक पाडलं आणि गाडीने पेट घेतला. गाडीने आधीच बाजूला थांबायची सूचना दिली होती, चालक सुखरूप बाहेर पडला. पुढे मार्च २०१४ मध्ये कंपनीने तळाला टायटॅनियमची ढाल आणि ॲल्युमिनियमचे भाग जोडायला सुरुवात केली.

ट्रकच्या टायरचं निघालेलं साल ही आणखी एक फसवी वस्तू. दिसायला नुसतं रबर, पण आत पोलादी तारा असतात आणि तुकडा कित्येक किलोंचा असू शकतो. तो चाकात सापडला तर चाबकासारखा फिरतो. अस्तर फाडतो, चाकाच्या वेगाचं मोजमाप करणाऱ्या सेन्सरची वायर तोडतो आणि ब्रेकच्या रबरी होजवर फटके मारतो.

आवाज मोजायची एक युक्ती इथे उपयोगी पडते. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये साधारण २.६ मीटर अंतर असतं. ताशी १०० ला ते पार व्हायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. 'धड-धड' असे दोन ठोके अगदी चिकटून ऐकू आले, तर वस्तू एकाच बाजूच्या दोन्ही चाकांखालून गेली आहे आणि आधी टायर बघायचे आहेत. एकच ठोका आणि मागोमाग 'खर्रर' घासल्याचा आवाज आला, तर वस्तू पोटाखाली अडकून ओढली गेली आहे. एकच कोरडा ठोका समोरून आला आणि पुढे काहीच नाही, तर बंपरला लागून ती उडालेली असण्याची शक्यता जास्त. ही खूण अचूक नाही, पण मेकॅनिकला सांगण्यासारखी नक्कीच आहे.

पहिली काही सेकंदं

ठोका बसल्या बसल्या जोरात ब्रेक दाबू नका. एखादा टायर फाटला असेल तर ब्रेक लागताच गाडी त्या बाजूला खेचली जाईल. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि गाडी काय सांगते ते बघा. एका बाजूला ओढते का? स्टिअरिंग थरथरतं का? सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं का? खालून काही फडफडतं किंवा घासतं का?

मग डॅशबोर्ड. तेलाच्या कॅनचा लाल दिवा लागला, तर गाडी न्यूट्रल करून कडेला घ्या, पूर्ण थांबवा आणि लगेच इंजिन बंद करा. धावत्या गाडीत इंजिन बंद करू नका, कारण पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत जाते. पण थांबल्यावर एक सेकंदही इंजिन चालू ठेवू नका. हा दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब गेल्याचं सांगतो. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरणारा दांडा, थेट बेअरिंगवर नव्हे, तर बेअरिंगमधल्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. दाब गेला की तो थर तुटतो, धातूवर धातू घासतो आणि मिनिटभरातच बेअरिंग जळू शकतात. 'पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ' या विचाराने कितीतरी इंजिनं कायमची जाम झाली आहेत.

तापमानाचा काटा वर चढत असेल तरी थांबायचंच. इथे एक बारकावा फार थोड्यांना माहीत असतो. रेडिएटर फुटून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, पूर्ण निघून गेलं, तर सेन्सरभोवती द्रवच उरत नाही आणि काटा उलट खाली येऊ शकतो. मार बसल्यानंतर काटा अचानक पडला, किंवा हीटर चालू असताना गरम हवेऐवजी थंड हवा येऊ लागली, तर ती सुटकेची खूण नव्हे. इंजिन बंद करा. रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नसतं. झाकण उघडून दाब गेला की ते एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं.

ब्रेकचा लाल दिवा लागला किंवा पेडल मऊ लागलं, पेट्रोलचा वास आला, स्टिअरिंग ढिलं वाटलं, तर गाडी तिथून चालवायची नाही. उचलून न्यायची. यात दुसरं मत असू शकत नाही. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर जळत असेल आणि गाडी नीट चालत असेल तर हळू वेगाने जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. तोच दिवा लुकलुकत असेल तर नाही. एअरबॅगचा दिवा लागला तर गाडी चालेल, पण पुढच्या धडकेत एअरबॅग उघडेलच याची खात्री राहिलेली नाही, हे लक्षात ठेवा.

थांबल्यावर काय बघायचं

थांबायची जागा वाहत्या रस्त्यापासून दूर हवी. महामार्गाची अरुंद कड ही तपासणीची जागा नाही. दिवे शांत असतील आणि गाडी सरळ चालत असेल, तर वेग कमी करून पुढच्या मोकळ्या, सपाट जागेपर्यंत जाणं जास्त सुरक्षित. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. त्याची गरजही नाही. मोबाइलचा टॉर्च लावा, व्हिडिओ सुरू करा, हात जमिनीलगत नेऊन मोबाइल बंपरखालून आत फिरवा. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेकंदांचे चार व्हिडिओ पुरतात. नंतर ते सावकाश, थांबवून थांबवून बघा. लोंबणारं प्लॅस्टिक, नवी चमकणारी ओरखड्याची रेघ, ओला डाग, अडकलेली वस्तू, सगळं दिसतं. हेच व्हिडिओ पुढे विम्याच्या दाव्यालाही कामी येतात.

अडकलेल्या वस्तूंपैकी प्लॅस्टिकची पिशवी, ताडपत्रीचा तुकडा आणि सुकं गवत यांना किरकोळ समजू नका. सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चालत्या गाडीत कित्येकशे अंश तापलेला असतो. पिशवी नुसती वितळून चिकटेल, पण गवत किंवा कापड पेटू शकतं. दोरी किंवा तार ड्राइव्ह शाफ्टला, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याला, गुंडाळली गेली असेल तर ती ओढून काढायला जाऊ नका. ती आत तेल अडवणाऱ्या ऑइल सीलपर्यंत गेलेली असते. कापूनच काढावी लागते.

मग द्रव. गाडीखाली थेंब दिसला तर पांढरा कागद किंवा टिश्यू त्याला टेकवा आणि रंग उजेडात बघा. स्वच्छ, बिनवासाचं पाणी, तेही एसी चालू असताना, याची काळजी नको. हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी, चिकटसर आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. ते विषारी असतं आणि त्याच्या गोडीमुळे जनावरं चाटतात, म्हणून तसं सोडून जाऊ नका, वर पाणी ओता. तपकिरी किंवा काळं म्हणजे इंजिन ऑइल. लालसर तेल बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं. फिकट पिवळं, निसरडं, चाकाच्या आतल्या बाजूला दिसणारं असेल तर ब्रेक फ्लुइड, आणि मग गाडी हलवायची नाही.

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. 'खाली एक थेंबही नाही, म्हणजे गळती नाही' हा समज जुन्या गाड्यांच्या काळातला आहे. आजच्या बहुतेक गाड्यांना इंजिनाखाली रुंद प्लॅस्टिकचं कव्हर असतं. चेंबरला बारीक तडा गेला तर तेल आधी त्या कव्हरमध्ये साचतं. अर्धा लिटर तेल गेलं तरी जमीन कोरडी राहू शकते. मग एखाद्या चढावर किंवा जोराच्या ब्रेकला ते एकदम बाहेर सांडतं. त्यामुळे जमीन बघून समाधान मानू नका. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, बघा. वरच्या आणि खालच्या खुणेत बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचा फरक असतो. आकडा लिहून ठेवा आणि ३०-४० किलोमीटरनंतर पुन्हा बघा. कूलंटच्या टाकीवर इंजिन थंड असताना पेनाने पातळीची खूण करा. ब्रेक फ्लुइडच्या डबीवरही तसंच. एका क्षणाच्या पातळीपेक्षा दोन वेळांमधला फरक खरं सांगतो.

ब्रेकची चाचणी जागच्या जागी होते. इंजिन चालू करा, पेडल नेहमीच्या जोराने दाबा आणि अर्धा मिनिट तसंच धरून ठेवा. पेडल एका जागी घट्ट राहिलं तर ठीक. पायाखाली हळूहळू खाली सरकत गेलं तर कुठेतरी दाब निसटतो आहे.

टायर: दिसणारी बाजू आणि न दिसणारी

टायरला खिळा किंवा स्क्रू रुतलेला दिसला आणि हवा टिकून असेल, तर तो तिथेच उपटू नका. तोच बूच म्हणून काम करत असतो. हवा मोजा, हळू चालवा, पंक्चर काढणाऱ्याकडे जा. जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यात साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक नीट दुरुस्त होतं. कडेला, म्हणजे साइडवॉलला भोक पडलं तर टायर बदलावाच लागतो. तो भाग प्रत्येक फेरीत वाकतो, तिथे पॅच धरत नाही.

साइडवॉलला फुगा आला असेल तर आत धागे तुटले आहेत आणि हवा फक्त रबराच्या जोरावर अडलेली आहे. ती कधी सुटेल याला नियम नाही. असा टायर घेऊन महामार्गावर जाऊ नये. स्टेपनी लावा. फुगा मार बसताच दिसेल असंही नाही. धागे तुटतात तेव्हा खूण नसते, फुगा पुढच्या काही दिवसांत वर येतो. म्हणून आठवडाभराने पुन्हा बघायचं.

आता न दिसणारी बाजू. टायरची आतली बाजू, रिमची आतली कड. रस्त्यावरच्या वस्तूने रिम वाकते ती बरेचदा आतूनच. बाहेरून चाक नवंकोरं दिसतं आणि आत अंगठाभर चपटं झालेलं असतं. ताशी ८० ते १०० च्या आसपास स्टिअरिंग थरथरतं आणि वेग कमी केला की थांबतं, तर दोनच शक्यता आधी बघायच्या: बॅलन्सिंगचं वजन उडालं आहे किंवा रिम वाकली आहे. थरथर वेगाप्रमाणे वाढतच गेली आणि सोबत ठोके येऊ लागले तर टायरचे आतले थर सुटत असण्याची शक्यता आहे. तेव्हा वेग लगेच कमी करा आणि थांबा.

हवेचा दाब थंड टायरमध्ये मोजा. लगेच एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा. हवामान पाच-सहा अंशांनी थंड झालं तर दाब एखाद्या पीएसआयने (टायरच्या दाबाचं माप) आपोआप उतरतो, तेवढं सोडून द्या. चारही टायर सारखे उतरले तर हवामान, एकच उतरला तर गळती. टायरच्या दाबाचा दिवा लागायची वाट बघू नका. तो बहुधा दाब २०-२५ टक्के उतरल्यावरच लागतो.

पोटाखाली काय काय असतं

तेलाचं चेंबर दोन प्रकारचं असतं आणि दोघांचं दुखणं वेगळं. ॲल्युमिनियमचं चेंबर तडकतं, गळतं आणि निदान कळतं तरी. पोलादी पत्र्याचं चेंबर नुसतं चेपतं. एक थेंबही गळत नाही, डिपस्टिकवर तेल पूर्ण दिसतं, आणि तरीही इंजिन धोक्यात असू शकतं. चेंबरच्या तळापासून अगदी थोड्या मिलिमीटरवर तेल वर खेचणाऱ्या नळीची जाळी असते. चेंबरचा तळ आत दबून त्या जाळीला टेकला, की तेल खेचायची वाटच अरुंद होते. संथ चालवताना काही जाणवत नाही. इंजिन जोरात फिरलं, जास्त तेल मागू लागलं की दाब पडतो. म्हणून 'चेंबर चेपलंय पण गळत नाही, चालवा बिनधास्त' असं कुणी म्हणालं तर ते मानू नका. चेप किती खोल आहे आणि जाळी कुठे आहे हे बघितल्याशिवाय, तेलाचा दाब गेजने मोजल्याशिवाय तो निर्णय होत नाही.

ब्रेकच्या पोलादी नळ्या पेन्सिलपेक्षा बारीक असतात आणि तळाच्या कडेने, इंधनाच्या नळ्यांना लागून मागे जातात. त्या दबल्या तर लगेच फुटतात असं नाही. वरचा लेप खरवडला जातो, पाणी-चिखल लागतो, गंज चढतो आणि काही महिन्यांनी, जोराच्या ब्रेकच्या वेळीच, नळी दगा देते. म्हणूनच नळीवर ताजा ओरखडा दिसला तर ती आजच्या आज बदलायची की लेप लावून पुन्हा तपासायची, हे मेकॅनिककडून नक्की करून घ्या.

ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचं घडीचं रबरी बूट फाटलं तर आतलं ग्रीस फिरता फिरता चाकाच्या आतल्या बाजूला शिंपडलं जातं. काळे, चिकट फराटे दिसले की समजायचं. आज गाडी बिनतक्रार चालते. धूळ-पाणी आत जात राहतं आणि काही आठवड्यांनी वळणावर 'कट्-कट्-कट्' सुरू होतं. तोपर्यंत बूट बदलून भागत नाही, जॉइंटच बदलावा लागतो.

कन्व्हर्टरच्या बाहेरच्या पत्र्याला साधी चेप दिसली तरी आतली सिरॅमिकची जाळी फुटलेली असू शकते. डब्यात खडे हलवल्यासारखा खुळखुळाट येतो. पुढे तुकडे अडकून धूर जायची वाट बंद होते आणि गाडीचा दम जातो. नुसता पातळ पत्रा थरथरल्याचा आवाज असेल तर बहुधा उष्णता अडवणारी ढाल सैल झालेली असते. ती काढून फेकून देऊ नका, तिच्यावरच्या बाजूला इंधनाची टाकी किंवा वायरिंग असतं. लोंबणारं प्लॅस्टिक कव्हर मात्र तात्पुरतं बांधून घ्या. वेगात त्याच्याखाली हवा शिरली की ते उरलेल्या क्लिपांसकट फाटून चाकाखाली येतं.

समोरची बाजू आणि काच

बंपरचं प्लॅस्टिक लवचीक असतं. मार बसला की आत दबतं आणि परत मूळ आकारात येतं. बाहेर एक रेघ उरते, मागचा ब्रॅकेट मात्र तुटलेला असतो. आजच्या अनेक गाड्यांत पुढच्या बंपरमागे किंवा जाळीमागे रडार बसवलेलं असतं. पुढच्या गाडीपासूनचं अंतर तेच मोजतं. ते एका अंशाने जरी फिरलं, तर शंभर मीटरवर त्याचा नेम पावणेदोन मीटरने चुकतो. म्हणजे जवळपास अर्धी लेन. शेजारच्या लेनमधल्या गाडीसाठी तुमची गाडी आपोआप ब्रेक मारू शकते किंवा समोरची गाडी तिला दिसतच नाही. क्रूझ कंट्रोल किंवा आपोआप ब्रेकची यंत्रणा मार बसल्यानंतर विचित्र वागू लागली तर ती बंद ठेवा आणि कॅलिब्रेशन, म्हणजे रडारचा नेम, तपासून घ्या.

जाळीमागे सगळ्यात पुढे एसीचा कंडेन्सर असतो, त्यामागे रेडिएटर. कंडेन्सरच्या पातळ पात्या वाकल्या तर हरकत नाही. नळीला भोक पडलं तर तिथे तेलकट डाग दिसतो आणि काही तासांत किंवा दिवसांत एसी थंड करणं सोडतो. त्याने गाडी थांबत नाही. पण कंडेन्सर भेदणारा दगड मागच्या रेडिएटरपर्यंत पोहोचला का, ते बघितलंच पाहिजे.

पुढची काच दोन काचांमध्ये पारदर्शक थर घालून केलेली असते, म्हणून ती तडकते पण कोसळत नाही. नाण्याएवढी टिचकी लवकर गेलात तर राळ भरून दुरुस्त होते. चालकाच्या नजरेसमोर किंवा काचेच्या कडेजवळ असेल तर बहुधा काचच बदलावी लागते. तोवर कोरड्या टिचकीवर पारदर्शक चिकटपट्टी लावा. पाणी आणि धूळ आत गेली की राळ नीट बसत नाही. तापलेल्या काचेवर एसीचा थंड झोत सोडू नका, तडा डोळ्यांदेखत लांबत जातो. काच बदलली तर तिच्यामागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घ्यायला विसरू नका.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर

इथे आमचा सल्ला जास्त कडक आहे. तळाला जोराचा मार बसला असेल तर दिवा लागो न लागो, गाडी तपासून घ्या. बॅटरीचा पेटारा सगळ्या तळभर पसरलेला असतो. आतले सेल दबले, तर आग लगेच न लागता काही तासांनी, कधी कित्येक दिवसांनीही लागू शकते. तपासणी होईपर्यंत गाडी चार्जिंगला लावू नका. घरातल्या किंवा इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ठेवू नका. उघड्यावर, इमारतींपासून आणि इतर गाड्यांपासून शक्यतो १५ मीटर दूर उभी करा. फसफस, शिट्टी किंवा फुटल्यासारखे आवाज, वेगळाच गोडसर वास, पांढरा धूर, किंवा बॅटरीबद्दलची कोणतीही सूचना आली तर सामान काढायला न थांबता लांब जा आणि अग्निशमन दलाला बोलवा. नारिंगी रंगाच्या केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांचं आवरण फाटलेलं दिसलं तर हात लावू नका.

कधी सोडून द्यायचं

प्रत्येक टकटकीला गॅरेज गाठायची गरज नाही. वाळू, बारीक खडी, रिकामी बाटली, पुठ्ठा, कोवळी फांदी, हे लागून गेलं, गाडी सरळ चालते, दिवा नाही, व्हिडिओत काही लोंबत नाही, तर पुढे चला. बोनेटवरचा रंग टवका उडून पत्रा दिसत असेल तर चारदोन दिवसांत टच-अप लावा, एवढंच. ताशी ३०-४० च्या वेगात, चाकाखालून न जाता, नुसती बंपरला लागलेली मऊ वस्तूही याच गटातली.

कडक वस्तू, ताशी ६० च्या वर वेग आणि पोटाखाली किंवा चाकाला लागल्याची शंका, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर गाडी चांगली चालत असली तरी दोन-तीन दिवसांत लिफ्टवर घ्या. त्याआधी लांबचा प्रवास करू नका. लिफ्टवरची तपासणी पंधरा-वीस मिनिटांची असते. पण तिथे गेल्यावर नुसतं 'जरा बघा' म्हणू नका. काय लागलं, कोणत्या बाजूला, किती वेगात, ठोके किती, व्हिडिओत काय दिसलं, सगळं सांगा. खालचं कव्हर उघडूनच बघायला सांगा. कव्हर न काढता केलेली तपासणी म्हणजे दार न उघडता खोली बघणं. चाकं हाताने फिरवून रिमची आतली कड, टायरची आतली साइडवॉल, रबरी बूट, टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकाला देणारी कांडी), लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा भाग) आणि ब्रेकच्या नळ्या टॉर्चने बघायला लावा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर व्हील अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांच्या कोनांचे, आकडे छापून घ्या. एकाच चाकाचा आकडा मर्यादेबाहेर असेल तर नुसतं ॲडजस्ट करून घेऊ नका. त्या चाकाचा कोणता भाग वाकला आहे ते आधी शोधायला सांगा. वाकलेला भाग तसाच ठेवून आकडे जुळवता येतात आणि बरेचदा तसंच केलं जातं.

विम्याचा दावा करायचा असेल तर दुरुस्तीआधी फोटो काढा, वस्तू सापडली असेल तर तिचाही. आणि दिवा लागल्यानंतर गाडी किती चालवली, हा प्रश्न विचारला जाईल हे धरून चला. मुळात चेंबर फुटलं ते अपघातात, पण इंजिन जळालं ते त्यानंतर चालवल्यामुळे, असं म्हणून इंजिनाचा खर्च नाकारला जाऊ शकतो.

सगळं ठीक निघालं तरी आठवड्याने एकदा, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी थंड इंजिनावर पुन्हा बघा: डिपस्टिक, कूलंटची पेनाने केलेली खूण, चारही टायरचा दाब, आणि मार लागलेल्या बाजूच्या टायरवरून हळूच फिरवलेला तळहात. डोळ्यांना न दिसणारा फुगा हाताला लागतो.